सहा सेकंदांबद्दल

नंदानगर, इंदूर
रविवार, 7 सप्टेंबर 2025

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रात्रभर जागरण झालं, आत्ता दुपारी उठले आणि चहा घेऊन लिहायला बसले. काल अनंत चतुर्दशी होती. तुझे बाबा म्हणाले, गुडघे दुखतात तर टीव्हीवर बघ गणपतीच्या मिरवणुकीतल्या झांक्या. पण ही रात्र मी आजवर घरात काढलेली नाही. जेल रोडला नेहमीच्या दुकानाच्या पायरीवर बसायला जागा मिळाली. अखाड्याची पोरं पट्टा फिरवत पुढे, मागे दिव्यांनी लखलखलेल्या गाड्या आणि त्यांच्यावर हलणाऱ्या, वळणाऱ्या, सोंड उचलणाऱ्या मूर्ती. प्रत्येक गाडीच्या पुढे मिलच्या नावाची पाटी. मिली बंद पडून किती वर्षं झाली, पण शंभरेक वर्षांची ही मिरवणूक अजून त्याच नावांनी निघते. एका पाटीमागे सत्तरीच्या पुढचे पाच-सहा जण छातीला बिल्ला लावून चालत होते. त्यांच्यातला एक जण शेजारच्याशी हातवारे करून बोलत होता. ढोल वाजत होते म्हणून नव्हे, मनू. साळखात्यात, मिलच्या विणकाम खात्यातल्या गोंगाटात, उमर गेलेल्या माणसाचे हात असेच बोलतात. मला माझ्या वडिलांची, अण्णांची इतकी आठवण आली की पुढची झांकी नीट दिसली नाही.

तुझा बुधवारचा फोन तेव्हापासून डोक्यात आहे. तुझ्या कपड्यांच्या कारखान्यात, जिथे तू कामाचा वेळ मोजतेस, लाइनवर एक बाई टीशर्टच्या गळ्याची पट्टी लावते, 40 सेकंदांत व्हायचं काम तिला 46 सेकंद लागतात, तिच्यामुळे पुढच्या सगळ्या मशीन थांबतात, आणि तुला तसं लिहून द्यावं लागेल, असं तू सांगितलंस. तुझ्या बोलण्यात राग नव्हता, तू हिशेब सांगत होतीस. तो मी कॅलेंडरच्या मागे करून बघितला. आठ तासांत 40 सेकंदांनी 720 नग होतात, 46 सेकंदांनी 626. चौऱ्याण्णव नग कमी. हिशेब बरोबर आहे तुझा. तरी मला काहीतरी सांगायचं होतं आणि फोनवर ते सुचेना. हे सहा सेकंद आपल्या घरात तीन पिढ्या आहेत. म्हणून हे पत्र लांबेल, सवडीने वाच.

तुझे पणजोबा, म्हणजे अण्णांचे वडील, बुऱ्हाणपूरचे, आपण कोष्टी. त्यांच्या घरात पुढच्या खोलीत माग होता, खड्ड्याचा. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसायचा आणि पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर. पणजी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. पोरं तुटलेले धागे सांधायची. सकाळी ऊन चढायच्या आत गल्लीत ताणा, म्हणजे उभे धागे, पसरायचा, त्याला खळ लावायची, कुंच्याने विंचरायचा, आणि त्याला साऱ्या घरादाराचे हात लागायचे, शेजाऱ्यांचेसुद्धा. पाऊस लागला की ताणा पसरता येत नसे, मग काम बंद. लग्न असलं, बंद. बाजार जवळ आला की मात्र दिव्याच्या उजेडात मध्यरात्रीपर्यंत आडवा धागा नेणारा धोटा चालायचा. त्या घरात कोणी कधी म्हणालं नाही की मी इतके तास काम केलं. ते म्हणायचे, हे दोन दिवसांचं लुगडं, हे पाच दिवसांचं. कापडच त्यांचं घड्याळ होतं.

फार छान दिवस होते असं मात्र समजू नकोस. सूत सावकाराचं, विणलेलं कापड त्याच्याकडेच जायचं आणि वहीतला आकडा काही कमी होत नसे. सहा वर्षांचं पोर कांड्या भरायला बसायचं, त्याला सुट्टी नव्हती, पगारही नव्हता. पणजी तर जन्मभर राबली आणि त्या वहीत तिचं नावदेखील नव्हतं. तेव्हा मिलने सुखाचं घर मोडलं, असं जे कोणी सांगतात ते मला पटत नाही. मिलने मोडलं ते त्या घराचं वेळापत्रक, आणि त्याची किंमत काय होती ते मला सांगायचंय.

इंग्लंडमधलं तू शिकलीच आहेस. क्रॉमफर्डला आर्कराइटने 1771 साली पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लावल्या, 1785 ला कार्टराइटचा यंत्रमाग आला, मग वाफ. आपल्याकडे मुंबईत कावसजी दावरांनी 1854 ला पहिली कापड गिरणी उभारायला घेतली. आणि इंदुरात दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 च्या सुमारास सरकारी मिल सुरू केली, तेव्हा इथे रेल्वेसुद्धा नव्हती. ती यावी म्हणून त्याच राजाने इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीचं. पुढे त्याच खांडवा-इंदूर लाइनने माळव्याचा कापूस जाऊ लागला, आणि माणसं येऊ लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मालवा मिल, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशा मिली एकापाठोपाठ उभ्या राहिल्या. पहिल्या महायुद्धात मँचेस्टरचा माल यायचा कमी झाला होता आणि इथल्या कापडाला भाव आला होता. त्याच लाटेत, 1922 च्या आसपास, पणजोबा माग विकून इंदूरला आले.

विणायचं काम त्यांना जन्मापासून येत होतं. अण्णा सांगायचे, बापाला साचा, म्हणजे मिलचा माग, आठ दिवसांत जमला, भोंगा जमायला वर्ष लागलं. फाटक ठरल्या वेळी बंद व्हायचं. उशीर झाला की पाव रोज कापला, जास्त झाला की दिवस गेला. घरात घड्याळ नव्हतं. पणजी रात्री तीन-तीनदा उठून बाहेर येऊन आभाळ बघायची, ढग असले की जागीच राहायची. त्या घरात पलंग यायच्या आधी, पितळेची मोठी परात यायच्या आधी घड्याळ आलं, गजराचं, हप्त्याने घेतलेलं. ते ठेवायला भिंतीत देवाच्या शेजारी कोनाडा केला होता.

मी लहान असेपर्यंत भोंग्याचंच राज्य होतं. पहिला भोंगा वाजला की मोहल्ल्यातल्या चुली पेटायच्या. सातला पहिली पाळी, साडेतीनला दुसरी, रात्री बाराला तिसरी. ज्यांच्या घरी मिलचा माणूस नव्हता तेही भोंग्यावर जगायचे: दूधवाला, शाळेत जाणारी पोरं, मालवा मिल चौराह्यावरचा पोहेवाला. अण्णांची रात्रपाळी असली की दिवसा आम्ही कुजबुजत बोलायचो, खेळायला लांब जायचो, आई पाटा-वरवंटा वाजू नये म्हणून वाटण शेजारी जाऊन वाटून आणायची. एका खोलीत एकाची रात्र आणि चौघांचा दिवस. आठवड्याने पाळी बदलायची आणि घराची झोप, जेवण, भांडणंसुद्धा बदलायची.

साळखाता मी एकदाच आतून पाहिला. दसऱ्याला यंत्रांची पूजा असायची तेव्हा घरच्यांना आत सोडायचे. मी दहा वर्षांची असेन. झेंडूच्या माळा घातलेले साचे रांगेने उभे, इतके की टोक दिसत नव्हतं. पूजा झाल्यावर अण्णांनी त्यांचा एक साचा चालू करून दाखवला. धोटा इकडून तिकडे फेकला जाताना दिसतच नव्हता, फक्त दोन्ही बाजूंनी घणाचे ठोके, मिनिटाला पावणेदोनशेच्या आसपास. मी कान झाकले. अण्णा हसून म्हणाले, हा एकच आहे, रोज हे सगळे एकदम चालतात. मग त्यांनी साचा थांबवून धोटा माझ्या हातात दिला. वीतभरापेक्षा लांब, कठीण लाकूड, तेलाने काळंभोर झालेलं, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, पोटात कांडी. बाजूला एक बारीकसं भोक, चिनी मातीचं. कांडी बदलली की त्या भोकाला ओठ लावून धागा श्वासाने बाहेर ओढायचा. अण्णांनी करून दाखवलं, "स्सुक्" असा आवाज झाला आणि धागा ओठांवर. दिवसातून शेकडो वेळा हे, आणि प्रत्येक वेळी थोडी रुई, थोडं तेल पोटात.

तुटलेल्या धाग्याची गाठ तर मला दिसलीच नाही. त्यांनी तीनदा दाखवली. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासल्यासारखं झालं, एवढंच. साळ्याची गाठ बारीक असावी लागते, फणीत अडकता कामा नये. ते म्हणाले, गाठीला लागतो तेवढाच वेळ आपला, बाकी सगळा मिलचा.

आता तुझ्या सहा सेकंदांकडे येते. आधी एका माणसाकडे दोन साचे असायचे, मग चार करायचं ठरलं. त्यासाठी एक साहेब हातात घड्याळ घेऊन खात्यात फिरायला लागले. तुझ्याच विद्येचे म्हणायचे. अण्णांच्या मागे ते दोन दिवस उभे होते. नोंद अशी झाली की बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटल्यावर साचा परत चालू करायला यांना बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि धागेही यांच्याकडे जास्त तुटतात. आमच्या घरी त्या आठवड्यात कोणी नीट जेवलं नाही. अण्णा नगावर पगार घेणारे, विणकामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि कागदावर ते ढिले ठरले.

खरं कारण महिन्याने कळलं. सुती ताण्याला ओल लागते, हवेत 75-80 टक्के दमटपणा असावा लागतो, नाहीतर धागा कडक होऊन तुटतो. म्हणून खात्यात पाण्याचे फवारे असतात. एप्रिलमध्ये माळव्याची हवा कशी कोरडी असते ते तुला सांगायला नको. अण्णांचे साचे ज्या रांगेत होते तिथला फवारा बंद पडला होता आणि वर पश्चिमेची काच फुटलेली होती, दुपारी तिथून झळ यायची. घड्याळात जे सेकंद जास्त दिसत होते ते अण्णांच्या बोटात नव्हते, त्या फुटक्या काचेत होते. ते शोधलं एका म्हाताऱ्या जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, धाग्यावरून नुसता हात फिरवून. साहेबाचं घड्याळ चूक नव्हतं, पण घड्याळाला काच दिसत नाही.

म्हणून विचारते, त्या बाईच्या डोक्यावरचा दिवा कुठे आहे? तिच्याकडे येणारी पट्टी आधीच्या मशीनवरून सरळ येते की वाकडी, आणि ती सरळ करण्यात तिचा वेळ जातो का? खुर्ची तिच्या उंचीची आहे का? ती जेवणानंतर मंदावते की सकाळपासून? पाणी प्यायला उठते का, की बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही? हे शेवटचं मी उगाच विचारत नाही. कामगारांच्या बिमा दवाखान्यात 31 वर्षं नोकरी केली, तिथे बायका मूत्रमार्गाची दुखणी घेऊन येत आणि चार वेळा विचारल्यावर मग हे कारण सांगत.

बायकांचं वेगळं लिहायला हवं. पणजी इथे आल्यावर तीही मिलमध्ये लागली, वाइंडिंगला. बुऱ्हाणपुरात जे काम ती फुकट करायची तेच इथे करून तिच्या हातावर महिन्याला पैसे पडले. पहिल्या पगाराचे तिने स्वतः जाऊन काचेचे चुडे घेतले, ही गोष्ट ती मरेपर्यंत सांगायची. पण तान्हं मूल कुठे ठेवायचं? घरी माग होता तेव्हा पाळणा मागाजवळ असायचा. मिलमध्ये तशी सोय नव्हती. मग कामावर जायच्या आधी बाळाला अफूची बारीक गोळी द्यायची, की ते दुपारपर्यंत उठत नाही. माळव्यात अफू काय, घराघरात होती. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायाही हेच करत. तुझ्या पणजीचं दुसरं मूल एका संध्याकाळी उठलंच नाही. ती हे फक्त एकदा बोलली, माझ्या आईपाशी, माझ्या जन्माच्या वेळी. मी हे तुला आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

पुढे पाळणाघराचा कायदा झाला, बाळंतपणाची रजा मिळाली, बायकांना रात्रपाळी बंद झाली. सगळं हवंच होतं. पण मालकांना बाई ठेवणं महाग वाटायला लागलं आणि हळूहळू मिलमधल्या बायका कमी होत गेल्या. अण्णांच्या काळात खात्यात बाई औषधाला नव्हती. आज तुझ्या कारखान्यात बहुतेक सगळ्या बायका आहेत, तर पाळणाघर कुठे आहे आणि ते खरंच चालू असतं का, हेही बघ.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरात अवघडून सांगितली जाते. आम्ही साळखात्यात होतो, तिथे पगार बरा. आमच्या समोरच्या खोलीतले भाऊ महार समाजाचे, अण्णांचे जिवलग, आणि ते शेवटपर्यंत ब्लोरूममध्ये, कापूस पिंजायच्या खात्यात. कारण काय, तर धोट्यातला धागा ओठांनी ओढावा लागतो, आणि त्यांच्या ओठांचा धागा बाकीच्यांना चालत नव्हता. मुंबईत हेच होतं. आपल्या शेजारच्या महूला जन्मलेल्या बाबासाहेबांनी 1928 च्या गिरणी संपात हा प्रश्न लावून धरला, की आमच्या माणसांना विणकाम खातं बंद का? मिलमध्ये सगळे एका फाटकातून आत जायचे, एकाच भोंग्यावर बाहेर पडायचे, आणि मध्ये ही भिंत.

त्या भिंतीचा हिशेब मी दवाखान्यात पाहिला. ब्लोरूममध्ये कापसाच्या गाठी फोडतात, पिंजतात. मिलमधली सर्वांत जास्त धूळ तिथे आणि कापूस विंचरतात त्या कार्डिंगमध्ये. त्या धुळीने बिसिनोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. त्याची खूण अशी की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो, मग आठवडाभर जरा बरं वाटतं. सोमवारी आमच्या एक्स-रे विभागाबाहेरच्या बाकावर जागा नसायची. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसतही नाही, म्हणून "कामचुकारपणा" म्हणणारेही होते. भाऊ बावन्नाव्या वर्षी गेले. शेवटचे दोन महिने ते आडवे होऊ शकत नव्हते, भिंतीला उशा लावून बसून झोपायचे. अण्णांचे कान गेले, भाऊंची छाती गेली, आणि कुणी कुठे उभं राहायचं ते आधीच जातीने ठरवून दिलेलं होतं.

माणसं भराभर आली आणि घरं झाली नाहीत. पाटनीपुरा, परदेशीपुरा, कुलकर्णीचा भट्टा, सगळीकडे दाटी. शहरात प्लेग होता. 1918 साली स्कॉटिश शहररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला शहररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला. त्याच काळात त्यांनी दिवाळीला एक मिरवणूक काढली, तिच्यात घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता, आणि ज्या रस्त्यावरची घरं सर्वांत स्वच्छ त्या रस्त्याने ती जाणार असं जाहीर केलं. लोकांनी घरं झाडूनपुसून, रंगवून काढली. मला ही गोष्ट फार आवडते. या शहराला मिरवणुकीने काहीही करायला लावता येतं.

मिळालं काय, तेही लिहिते, नाहीतर अण्णांना आवडणार नाही. त्यांना मिलचा अभिमान होता. पणजोबांच्या डोक्यावर सावकार होता, अण्णांना दर महिन्याला पगार होता आणि दिवाळीला बोनस. मी शिकले ती त्या पगारावर. पण त्यातलं काहीही आपोआप आलं नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी धरून ठेवलं म्हणून 1890 च्या जूनपासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. संस्थानात इंग्रजी मुलखातले कायदे आपोआप लागू नव्हते, इथल्या कामगारांना वेगळं झगडावं लागलं. आठवड्याचे तास 54 चे 48 झाले ते 1946 साली, त्या वेळी मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. इंदुरात द्रविड, रामसिंहभाई, होमी दाजी या कामगार पुढाऱ्यांची नावं आमच्या घरात देवाधर्मासारखी घेतली जायची, आणि त्यांच्यावरून अण्णा आणि भाऊ यांची भांडणंही व्हायची. 1962 ला होमी दाजी इंदुरातून खासदार झाले तेव्हा भाऊंनी सगळ्या चाळीला पेढे वाटले, म्हणतात. ज्या घरात बसून मी हे लिहितेय ती वसाहतही त्याच लढ्यांतली, कामगार नेते गुलझारीलाल नंदांच्या नावाची.

आणि संध्याकाळ. मनू, मला वाटतं कामगाराने मिळवलेली सर्वांत मोठी वस्तू ती. बुऱ्हाणपूरच्या घरात दिवस मावळला की दिवा लागायचा आणि काम पुढे चालायचं. बारा तासांच्या मिलमध्ये माणूस घरी येऊन पडायचा. आठ तास झाले आणि पहिल्या पाळीच्या माणसाला दुपारी साडेतीननंतरचा वेळ मिळाला, कोणाचाही नसलेला. त्यात अण्णांचं भजनी मंडळ झालं, अखाडा झाला, वाचनालय झालं. झांक्या त्याच वेळात बनायच्या. मिलमधले फिटर, सुतार, वायरमन दोन-दोन महिने पाळी संपल्यावर थांबायचे. साच्याचा जुना कॅम बसवून हत्तीची सोंड हलवायची, पट्टा लावून कृष्णाचा कालिया फिरवायचा. दिवसभर ज्या यंत्राच्या चालीने ते चालायचे, रात्री ते यंत्र त्यांच्या चालीने नाचवायचे. त्यातला एक हत्ती बनत असताना मी अण्णांच्या मांडीवर झोपून गेले होते, तेलाचा वास अजून नाकात आहे.

मग 1990 नंतर एकेक फाटक बंद होत गेलं. जुनी यंत्रं, वाढलेली देणी, समोर यंत्रमागाचं स्वस्त कापड. अण्णांची मिल कुठली ते तुला ठाऊक आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. कुलूप लागल्यावरही ते वर्षभर साडेपाचला उठून, दाढी करून, शर्ट घालून ओटल्यावर बसायचे. आई डबा भरायची. भोंगा वाजत नव्हता आणि मोहल्ल्यातल्या सगळ्यांचं काहीतरी चुकायचं, दूध उतू जायचं, पोरं शाळेत उशिरा पोचायची. हुकुमचंद मिलच्या कामगारांची देणी तर तीस वर्षांच्या वर अडकली. 25 डिसेंबर 2023 ला 224 कोटींचा धनादेश दिला गेला, 4,800 कामगारांसाठी. त्या दिवशी आपल्या गल्लीतल्या दोन विधवा बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, एकीने सांगितलं की नवऱ्याचा फोटो समोर ठेवून बातमी वाचून दाखवली.

आता इथली पोरं पहाटे कंपनीच्या बसने पीथमपूरच्या कारखान्यांत जातात. भोंगा नाही, मोबाइलमध्ये गजर आहे, आणि एका घरातल्या चौघांचे चार. बरीचशी ठेकेदाराकडची, आज एका कंपनीत, सहा महिन्यांनी दुसऱ्या. अण्णांची मिल त्यांना घर, दवाखाना, गणपती आणि भांडायला युनियन देत होती. या मुलांच्या झांकीवर कोणाच्या नावाची पाटी लावायची, हे काल पायरीवर बसून मला कळेना.

तू नोकरी सोड असं मी म्हणत नाही. उलट स्टॉपवॉच तुझ्या हातात आहे याचं मला बरं वाटतं, कारण तू अण्णांची नात आहेस. लिहून द्यायच्या आधी एक दिवस तिच्या शेजारी बस, घड्याळ न लावता. पट्टी स्वतः लावून बघ. आणि मला तिचं नाव कळव. तू फोनवर तीनदा "ती बाई" म्हणालीस.

बाबांचा खोकला बरा आहे. चिवडा आणि लसणाची शेव परवा पाठवते, डब्यात सगळ्यात खाली जुन्या रुमालात अण्णांचा धोटा गुंडाळलेला आहे, त्याचं एक टोक अणकुचीदार आहे, हात घालताना जपून. तू लहानपणी त्याची होडी करायचीस.

तुझी,
आई